भुवईवरची खूण

“तुमच्या डाव्या भुवईवर ही खूण कशाची?”

साहेबाने त्याच्या भाषेत विचारलं, दुभाषीबाईंनी ते मराठीत करून माझ्यापुढे ठेवलं, आणि मला कानशिलात बसल्यासारखं झालं. हा प्रश्न तयारीत नव्हता. तयारीत काय नव्हतं, विचारा! पलंगाच्या कुठल्या बाजूला कोण झोपतं, नवऱ्याच्या टूथब्रशचा रंग कुठला, चहात साखर कोण किती घेतं, सासूबाईंचं ऑपरेशन कशाचं झालं, लग्नात पंगत बसल्या बसल्या वीज गेली तेव्हा कोण ओरडलं, सगळं तोंडपाठ. एवढा अभ्यास शाळेत केला असता तर आज मी टेबलाच्या पलीकडे बसले असते. पण माझ्या तोंडावर, आल्यागेल्याला पहिल्यांदा दिसणारी ही पांढरी रेघ, जिथे भुवईचे केस उगवायचेच बंद झालेत, तिच्याबद्दल आम्ही दोघांनी एक अक्षर ठरवलं नव्हतं. कारण आमच्या घरात तिच्याकडे कुणी बघतच नाही. माझ्याशी बोलताना हा माझ्या हनुवटीकडे बघतो. मी आरशापुढे टिकली लावते तेव्हा टिकलीपुरताच आरसा बघते. दोघं मिळून इतकं छान विसरलो होतो, की परीक्षेला हाच प्रश्न येईल हे आम्हा शहाण्यांच्या डोक्यातच आलं नाही.

साहेब वाट बघत होता. तरणाताठा माणूस, गळ्यात ओळखपत्र, पेनाचं टोपण दाताखाली. सकाळी ह्याच खुर्चीत माझा नवरा बसून गेला होता आणि आता बाहेर बाकावर माझी पर्स सांभाळत बसला होता. इथली पद्धतच तशी. आधी एकाला विचारायचं, मग दुसऱ्याला, मधे एकमेकांशी बोलू द्यायचं नाही, आणि उत्तरं ताडून बघायची. जुळली तर लग्न खरं. नाही जुळली तर लग्न खोटं, इथे राहायच्या कार्डासाठी केलेलं, आणि दोघांची मायदेशी रवानगी. आमच्यावर संशय यायला कारणंही होती. लग्नानंतर कितीतरी वर्षं हा इथे आणि मी सासरी. मूलबाळ नाही. दोघांचा हसरा फोटो म्हणाल तर लग्नातलासुद्धा नाही. साहेबाला संशय आला ह्यात त्याचा दोष नाही, मलाही अधूनमधून येतो. पण म्हणजे हाच प्रश्न सकाळी ह्यालाही विचारला असणार. आणि ह्याने काय सांगितलं असेल? दुभाषीबाई माझ्याकडे बघत नव्हत्या. पिकलेले केस कानापर्यंत कापलेले, अंगात लोकरी जाकीट, मुलुख सोडून जन्म गेलेली बाई. आत येताना मला म्हणाल्या होत्या, “घाबरू नका ताई, मी फक्त इकडचे शब्द तिकडे करते.” सकाळी ह्याचे शब्दही त्यांनीच तिकडे केले होते. त्यांना माहीत होतं. त्यांच्या पापणीला विचारावंसं वाटलं, बाई गं, काय म्हणाला तो? पण पापणीसुद्धा हलेना.

मुलाखतीची तारीख आली त्या दिवसापासून हा रोज संध्याकाळी साहेब व्हायचा. जेवणाच्या टेबलामागे खुर्ची घ्यायचा, इस्त्रीचा शर्ट चढवायचा, मला समोर स्टुलावर बसवायचा. “नवऱ्याची जन्मतारीख?” मी सांगितली. सासूबाईंनी मला सांगितली होती ती, विहिरीला पाणी लागलं त्या आठवड्यातली. तर गालावर सट्कन बसली. “अगं गाढवे, पासपोर्टावरची सांग! जूनची पहिली!” म्हणजे गुरुजींनी शाळेत घालताना अर्ध्या वर्गाला वाटली होती ती. खऱ्या तारखेबद्दल मार खाल्लेली जगात मी एकटीच असेन. चुकलं की आधी चिमटा, मग चापट, मग स्टुलाला लाथ, म्हणजे मी आपोआप खाली. शिकवणीच होती ती, छडी लागे छमछम. पण सगळ्यात जास्त मार मी ज्या प्रश्नाला खाल्ला तो असा होता: “नवरा तुमच्याशी कसा वागतो?” मी म्हटलं, “चांगले वागतात.” तर कान धरून उभं केलं. “मढ्यासारखं काय सांगतेस? साहेबाला वाटेल मी तुला मारतो. हसून सांग!” कान इतका पिळला होता की डोक्याच्या त्या अर्ध्या भागात नुसतं भणभणत होतं. आणि मी हसले. दात दाखवून हसले आणि म्हणाले, फार चांगले वागतात. तेव्हा तो खूश झाला, म्हणाला, “आता कसं!” आणि स्वतः उठून त्याने चहा केला. चहा चांगला झाला होता. तेच मला सहन होत नाही, की चहा चांगला झाला होता आणि मी तो मिटक्या मारत प्यायले.

पक्क्या कार्डासाठी. सगळं त्या पक्क्या कार्डासाठी. कच्चं कार्ड म्हणजे काय ते ज्याने खिशात बाळगलंय त्यालाच कळेल. ह्याचं कार्ड गोदामाच्या मालकाच्या सहीवर लटकलेलं आणि माझं ह्याच्या नावावर. मालकाने ह्याला दिलेली शिवी वाटेत एक थेंब न सांडता माझ्यापर्यंत यायची. माझ्या फोटोखाली माझ्याइतक्याच मोठ्या अक्षरात ह्याचं नाव आहे. हा सोडून गेला तर माझं कार्ड गेलं. हा तुरुंगात गेला तर गेलं. हा मेला तर तेराव्याच्या आत मला हुसकून लावतील. लहानपणी सवाष्णबाया “अखंड सौभाग्यवती भव” म्हणायच्या तेव्हा मला वाटायचं, काय तो नवऱ्याचा सोस! सौभाग्य म्हणजे काय ते मला ह्या देशात येऊन कळलं. पक्कं कार्ड झालं की ज्याचं त्याचं, कुणाच्या सहीवर नाही की नावावर नाही. तोवर गप. तक्रार केली तर ह्याचं रद्द, ह्याचं रद्द तर माझं रद्द, मग विमानात शेजारी शेजारी बसून दोघं परत, आणि परत कुठे? एकदा अण्णांना फोन केला होता. माझे वडील. सगळं ऐकून घेऊन म्हणाले, “अगं, भांड्याला भांडं लागायचंच.” मी म्हटलं, “अण्णा, भांड्याला भांडं नाही, डोक्याला किल्ल्यांचा जुडगा लागलाय.” तर म्हणाले, “थांब हं, वहिनीकडे देतो.” आणि वहिनी म्हणाली, “वन्सं, कार्ड तेवढं होऊ द्या. इतकी कळ काढलीत, आता थोडक्यासाठी…” पुढे ती जावळ, बारसं असलं काहीतरी बोलत राहिली आणि मी फोन कानाला लावून भिंतीवर कपाळ घासत उभी होते. जोरात घासत होते. रंग निघाला भिंतीचा.

मी काही गरीब गाय नाही, हेही सांगून टाकते. मी इस्पितळाच्या लाँड्रीत कामाला आहे. तिथे तापलेल्या रोलरखालून चादरी जातात, अलीकडून ओली, सुरकुतलेली घालायची, पलीकडून कडक, सपाट निघते. मुकादमीण दिवसभर ओरडते, हात लांब, हात लांब ठेवा. आणि मी दिवसभर त्या रोलरमधून ह्याचा उजवा हात घालते. आधी बोटं. मग तळवा. मग मनगट, त्याला ते घड्याळ आहे, ते जरा अडेल, मग कोपर. पलीकडून सपाट हात बाहेर येतो, मी त्याची घडी घालते आणि गठ्ठ्यावर ठेवते. दुसरी चादर. पुन्हा बोटं. शिफ्ट संपेपर्यंत किती हात होतात देव जाणे. घरी यावं तर हात जागेवर, आणि त्यात टीव्हीचा रिमोट. एका रविवारी दुपारी हा उताणा झोपला होता, तोंड उघडं, घोरणं चालू. मी स्वयंपाकघरातून बत्ता घेऊन आले. पितळी बत्ता, आईने दिलेला, चांगला वजनदार. उशाशी उभी राहिले. टाळूवर नेमकी जागासुद्धा बघून ठेवली, भोवरा आहे तिथे. हात वर नेला. पाप आठवलं नाही, फाशी आठवली नाही, प्रेमाचं तर नावच नको. आठवलं ते एवढंच, की हा मेला तर माझं कार्ड मरतं. मी बत्ता घेऊन परत गेले आणि दाण्यांचं कूट केलं. इतकं बारीक केलं की तेल सुटलं. हा उठून म्हणाला, “काय ठोकत बसतेस दुपारची, झोपमोड केलीस.”

आणि खूण. साहेब, खूण अशी झाली. मालकाने ह्याच्या कार्डाच्या नूतनीकरणावर सही करायला पुन्हा टाळाटाळ केली होती. पुढच्या आठवड्यात बघू, म्हणाला होता, आणि सगळ्यांसमोर ह्याला काहीतरी बोलला होता. काय ते ह्याने मला कधी सांगितलं नाही. हा घरात आला तेव्हा मी ओटा पुसत होते. मी एवढंच विचारलं, “काय हो, काय म्हणाला मालक?” काळजीने विचारलं, माझंही त्यातच होतं ना! ह्याच्या मुठीत गोदामाच्या किल्ल्या होत्या. आधी दुखलं नाहीच, आधी आवाज आला, अडकित्त्यात सुपारी फुटते तसा, आणि मला वाटलं शेजारच्यांचं काहीतरी पडलं. मग डाव्या डोळ्यात गरम काहीतरी भरलं. मग दुसरी बसली, ती खांद्यावर, कारण मी वळले होते. मग तो ओट्यावर माझं डोकं दाबून धरून विचारत होता, “तुला काय करायचंय गं? तुला काय करायचंय?” आणि माझी जीभ साबणाच्या पाण्याला लागत होती. एवढंच आठवतं, साबणाची चव आणि “तुला काय करायचंय”. मग रक्त बघितलं आणि हा ढासळला. मेला रडायला लागला. जमिनीवर बसून माझ्या मांडीत डोकं घालून हुंदके देऊन रडला. “मी जनावर आहे, मला सोडून जाऊ नकोस.” आणि मी, काय म्हणू मी स्वतःला, मी त्याला थोपटत होते! माझं रक्त त्याच्या केसांना लागत होतं आणि मी थोपटत होते, आणि मनात एकच चाललं होतं, आता डॉक्टरला काय सांगायचं.

डॉक्टरला ह्याने सांगितलं: कपाटाचं दार लागलं. मी मान डोलावली, टाके घालताना मान हलवू नका म्हणून डॉक्टर ओरडला. सासूबाईंना हा फोनवर म्हणाला: न्हाणीत घसरली. त्या म्हणाल्या, तिचं लक्षच नसतं. लाँड्रीत मी माझं मीच सांगितलं: ढकलगाडीचा दांडा लागला. तीन माणसं, तीन थापा. आता साहेबाला ह्याने कुठली दिली असेल? मी त्या खुर्चीत बसून डोकं पिंजत होते. नवऱ्याला ओळखते म्हणतात ती हीच परीक्षा असेल. घसरली? नाही, ती आईसाठी. दांडा ह्याला माहीतच नाही. हा माणूस सरकारी टेबलापुढे कागदावरचंच बोलतो, जूनची पहिली तारीख बोलतो. डॉक्टरच्या कागदावर कपाट आहे. कपाटच. हजार टक्के कपाट.

मी हसून सांगितलं, “अहो, कपाटाचं दार लागलं.”

दुभाषीबाईंनी लगेच भाषांतर केलं नाही. ग्लास उचलून त्या पाणी प्यायल्या. मग केलं. साहेबाने दातातलं टोपण काढलं आणि काहीतरी विचारलं. “नक्की ना, म्हणतात,” बाई म्हणाल्या. “आठवून सांगा, म्हणतात.”

“नक्की म्हणजे काय! वरचं कपाट उघडं राहिलं होतं, मी खाली वाकलेली, उठले तर खाड्कन लागलं. माझाच वेंधळेपणा. हे तर किती घाबरले होते!”

खोटं बोलताना माणसाने थांबावं कुठे ते मला कधी कळलेलं नाही. साहेबाने पेन खाली ठेवलं. पुढ्यातला कागद उलटला, आणि वाचून दाखवल्यासारखा सावकाश बोलायला लागला. दुभाषीबाई त्याच्या मागून मागून, एकेक वाक्य, आवाजात कसलाही चढउतार न ठेवता.

“तुमच्या यजमानांनी सकाळी सांगितलं ते असं आहे. ‘मी मारलं.’”

त्या पिकल्या केसांच्या बाईच्या तोंडून “मी मारलं” ऐकताना मला क्षणभर वाटलं, हिने कशाला मारलं असेल मला?

“‘किल्ल्यांनी मारलं. साहेब, तुम्ही म्हणता हे लग्न कार्डासाठी केलंय. खोट्या बायकोला कुणी मारतं का? भाड्याची असती तर मी तिच्या अंगाला बोट तरी लावलं असतं का? माझी आहे, म्हणून मारली. हवं तर तिला विचारा.’ एवढं बोलून ते रडले, असं इथे लिहिलंय.”

रडला! इथेही रडला! मला हसू आलं. खोटं नाही सांगत, पोटातून आलं, तोंडावर पदर धरला तरी थांबेना, साहेब घाबरून पाणी पुढे सरकवायला लागला. वर्षानुवर्षं मी केस पुढे ओढून जी रेघ झाकायला बघितली, ती ह्या गड्याने लग्नाचा दाखला म्हणून टेबलावर ठेवली. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात, इथे मार माझा आणि तोंड त्याचं. माझं डोकं फुटलं ते ह्याच्या कामी आलं. माझ्या वेदनेचाही हा मालक. आणि मी? मी त्याला वाचवायला वरचं कपाट, खालचं कपाट करत बसले, मी खोटारडी ठरले आणि तो खरं बोलणारा, भल्या मनाचा, रडवा माणूस. अंगाला अशी आग लागली की ती खुर्ची उचलून खिडकीच्या काचेवर घालावी, साहेबाच्या टाळक्यात घालावी, बाहेर जाऊन त्याच्या. हातांच्या मुठी झाल्या होत्या त्या मी मांडीखाली घालून त्यांच्यावर बसले.

“तुमची उत्तरं जुळत नाहीत, म्हणतात. शेवटचं विचारतात. ह्यावर सगळा निकाल आहे.”

वाटलं, कपाटच म्हणावं. मरेपर्यंत कपाट म्हणावं. लग्न खोटं ठरू दे, जाऊ दे खड्ड्यात दोघं, निदान ह्याने माझ्या रक्तावर मिळवलेलं कार्ड ह्याच्या हाती लागणार नाही. फार गोड वाटलं ते. जिभेच्या टोकावर आलं. पण मग विमानातली ती शेजारची खुर्ची दिसली, आणि फोनवरची वहिनी दिसली, आणि मी का म्हणून? त्याने मारायचं आणि मी हद्दपार व्हायचं?

“मारलं,” मी म्हटलं. “गोदामाच्या किल्ल्यांनी. मी ओटा पुसत होते.”

कुठल्या हाताने? उजव्या. मग काय झालं? खांद्यावर दुसरी. मग? मग रडले. साहेब एकेकाला खूण करत गेला. जुळत होतं सगळं, अक्षर न् अक्षर जुळत होतं, इतकं आमचं आयुष्यात कधी जुळलं नव्हतं. त्याचा चेहरा खुलला. गणित सुटलेल्या पोरासारखा दिसायला लागला. त्याने शिक्का घेतला, उठवला, सही केली, आणि कागद माझ्याकडे वळवला.

“लग्न खरं आहे ह्याबद्दल आता शंका नाही, म्हणतात. दोघांचंही पक्कं झालं. अभिनंदन, म्हणतात.”

“आणि मारलं त्याचं?”

मी म्हटलं. बाईंनी साहेबाला विचारलं. साहेबाने खांदे उडवले, बोलला ते दोनच शब्द असतील. “इथे लग्न खरं का खोटं तेवढंच बघतात. मारहाणीचं खातं तिसऱ्या मजल्यावर आहे.”

“आणि हे कार्ड? परत ह्यांच्याच नावावर?”

“नाही,” दुभाषीबाई म्हणाल्या. साहेबाला त्यांनी विचारलंच नाही. पहिल्यांदा माझ्या तोंडाकडे नीट बघत म्हणाल्या, “तुमचं तुम्हाला. आता ते राहोत, जावोत, तुरुंगात बसोत, तुमच्या केसाला धक्का नाही. आणि त्यांनी सकाळी जे सांगितलंय, त्याखाली त्यांची सही आहे. हे सगळं साहेब म्हणतात.” साहेब टोपण शोधत होता.

मी बाहेर आले. हा बाकावरून ताडकन उठला, पर्स छातीशी धरलेली. “झालं?” झालं. “पक्कं?” पक्कं. त्याने तिथल्या तिथे मला मिठी मारली, लोकांसमोर, जन्मात पहिल्यांदा. त्याच्या शर्टाला घामाचा वास येत होता आणि त्याचं काळीज माझ्या कानाशी धाडधाड उडत होतं. बिचारा भ्यायला होता. लिफ्टमध्ये आम्ही दोघंच. त्याने तळमजल्याचं बटण दाबलं आणि आरशात बघून केस सारखे केले.

“मालकाच्या तोंडावर फेकतो बघ उद्या किल्ल्या,” तो म्हणाला. “साहेब ऐकायला तयार नव्हता, पण पटवला मी. कसा पटवला विचार.”

“कसा?”

“ते जाऊ दे. पुरुषांच्या गोष्टी असतात.”

मी हात पुढे करून तिसऱ्या मजल्याचं बटण दाबलं.

“तिथे काय?”

“काम आहे.”

बटणांशेजारी पाटी होती, कुठल्या मजल्यावर कुठलं खातं. मला ती भाषा वाचता येत नाही, ह्याला येते. ह्याने वाचली. आधी काही कळलं नाही त्याला, मग कळलं, आणि माझं मनगट त्याच्या मुठीत आलं. घरी पिरगाळतो तसंच, अंगठा आतल्या शिरेवर ठेवून. “घरी चल,” तो हळूच म्हणाला. “ए, घरी चल म्हणतो ना.” कळ खांद्यापर्यंत गेली. “सकाळी मी तुझ्यासाठीच… ऐक ना गं. ऐकतेस की नाही?” आणि आणखी एक पीळ. हाडाने आवाज केला. मी ओरडले नाही.

दार उघडलं. समोर भरलेली बाकं, आणि काचेच्या खिडकीमागे गणवेशातली एक धिप्पाड बाई. सगळ्यांनी मान वर केली. हा जागच्या जागी थिजला. हात सोडावा तर मी जाणार, धरावा तर बघणारे बघतायत. त्याचं ठरेना. त्याने धरूनच ठेवला.

मीही सोडवून घेतला नाही. तशीच पुढे निघाले, त्याला मागे ओढत, बाकांच्या मधून, सरळ खिडकीपर्यंत, आणि माझा हात त्याच्या पाचही बोटांसकट काचेसमोर त्या बाईपुढे ठेवला.